तबकडी उजेडात धरून पाहा

मुलाचा पहिला बोनस, मुलीचं ग्रॅज्युएशन, कुणाची पन्नाशी, कुणाची निवृत्ती. महागड्या घड्याळाचा विषय आपल्या घरांत बहुधा अशाच निमित्ताने निघतो. लगेच आई-बाबा विचारतात, "वेळ तर फोनवरही दिसते, एवढे पैसे कशाला?" मुलं म्हणतात, "बाबा, ही इन्व्हेस्टमेंट आहे!" खरं म्हणजे ही हौस आहे. हौस म्हणूनच करा, पण नीट पारखून करा. सध्या ज्यांची चलती आहे, त्या नक्षीदार तबकडीच्या स्पोर्ट्स घड्याळांविषयी हे चार शब्द.

पोलाद, सोन्याच्या भावात

1969 मध्ये जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. अचूक वेळ पुढे स्वस्त होत गेली आणि स्विस कारखाने अडचणीत आले. 1972 मध्ये ओदेमार पिगे कंपनीने जेराल्ड जेंटा यांनी रेखाटलेलं 'रॉयल ओक' आणलं: अष्टकोनी कडा, उघडे दिसणारे स्क्रू, आणि पोलादी असूनही किंमत सोन्याच्या घड्याळाची! त्याच्या तबकडीवर बारीक चौकड्यांची नक्षी होती. ही नक्षी जुन्या पद्धतीच्या यंत्रावर कोरली जाते. मोठ्या चकतीवरचा नमुना यंत्र लहान करत तबकडीवर उतरवतं. जेंटा यांच्याच 1976 च्या पाटेक फिलिप 'नॉटिलस'वर आडव्या रेघा आल्या.

आज हा पोत अनेक रूपांत मिळतो. ओमेगाच्या 'सीमास्टर डायव्हर'वर लाटा आहेत, 'अ‍ॅक्वा टेरा'वर बोटीच्या सागवानी डेकसारख्या पट्ट्या. ग्रँड सेइकोच्या 'स्नोफ्लेक'ची पांढरी तबकडी जपानच्या शिन्शू भागातल्या बर्फावरून सुचलेली आहे. टिसोच्या ऑटोमॅटिक 'पीआरएक्स'वर उठावदार चौकड्या आहेत. हे घड्याळ साधारण हजार डॉलरच्या आतबाहेर मिळतं, त्यामुळे पोताची आवड आपल्याला खरंच आहे का, हे आजमावायला बरं.

पैठणीसारखी पारख

पैठणी घेताना आपण ती दुकानाच्या दारात नेऊन पाहतो, कारण ट्यूबलाइटखाली रंग फसवतो. घड्याळाचंही तेच. शोरूमच्या झगमगाटात प्रत्येक तबकडी चमकते. म्हणून ते मनगटावर घाला, खिडकीशी जा, मग सावलीत या. चांगला पोत उजेडाप्रमाणे बदलतो. मंद प्रकाशात शांत होतो.

आता चष्मा काढा आणि वेळ वाचा. चाळिशीनंतर ही परीक्षा महत्त्वाची. नक्षी फार ठसठशीत असेल आणि काटे त्याच रंगाचे असतील, तर काटे त्यात हरवतात.

शेवटी भिंगातून पाहा. नक्षीच्या कडा धारदार हव्यात, आणि तासांच्या खुणांपाशी ती स्वच्छ थांबायला हवी. जुनं घड्याळ घेत असाल तर हे विशेष पाहा. नकली किंवा पुन्हा रंगवलेल्या तबकडीवर नक्षी अनेकदा बोथट झालेली असते.

मनगट आणि पाणी

व्यासाच्या आकड्यावर जाऊ नका. पट्टा जोडतात त्या वरच्या आणि खालच्या टोकांमधलं अंतर मनगटाच्या रुंदीत बसायला हवं. 'रॉयल ओक', 'पीआरएक्स' यांसारख्या घड्याळांत पट्टा केसमधूनच निघतो. तिथे बाजारातला कुठलाही पट्टा लावता येत नाही, म्हणून मूळ पट्टा आवडला तरच घ्या.

स्पोर्ट्स म्हटलं म्हणजे पाण्यात चालतं असं नाही. 30 मीटर लिहिलं असेल तर हात धुण्यापुरतं समजा. पोहायला जाणाऱ्याने किमान 100 मीटरचं घ्यावं, आणि रबरी सील वेळोवेळी तपासून घ्यावेत.

हिशेब

यांत्रिक घड्याळाला काही वर्षांनी सर्व्हिसिंग लागतं आणि त्याचं बिल काही शे डॉलर सहज होतं. मोठ्या ब्रँडचं त्याहून जास्त. ते धरूनच बजेट ठरवा. अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. वापरलेलं घेतलं तर डबा, कागद आणि सर्व्हिसिंगची पावती मागा. घराच्या विम्यात दागिने आणि घड्याळांच्या चोरीची भरपाई बहुतेकदा मर्यादित असते, तेव्हा एजंटला विचारून वेगळी नोंद करून घ्या. भारतात भेट म्हणून नेणार असाल, तर निघण्यापूर्वी कस्टम्सचे चालू नियम पाहा.

आणि इन्व्हेस्टमेंट? मोजकी मॉडेलं वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टवर असतात, बाकीची दुकानाबाहेर पडताच थोडी उतरतात. भाव वाढेल म्हणून घेतलेलं घड्याळ लॉकरमध्ये राहतं, आणि ज्या तबकडीसाठी एवढे पैसे मोजले तिच्यावर ऊनच पडत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी बाबांची एचएमटी अजून कपाटात आहे. रोज किल्ली दिलेली, काच ओरखडलेली. बाजारात तिला फारशी किंमत नसेल, पण विकायचा विचार कुणाच्या मनात येत नाही, कारण ती बाबांच्या हातावर होती. तुमचं घड्याळ कितीचंही असो, पुढच्या पिढीला ते हवंसं वाटायचं असेल तर आधी तुम्ही ते रोज घालायला हवं. तेव्हा परवडेल तेवढ्यातलं घ्या, आणि यंदाच्या लक्ष्मीपूजनाला पणत्यांच्या उजेडात तबकडी जरूर पाहा.

शुभ दीपावली!