एकाच संचावर सिनेमाही आणि गाणंही!



घरातल्या ५.१ होम थिएटरवर सिनेमा दणक्यात वाजतो, पण गाणं लावलं की तबला कुठे आणि गायक कुठे, कळतच नाही. असं का होतं?

आवाज आपल्या दोन कानांपर्यंत पोहोचताना वेळेत आणि जोरात बारीक फरक पडतो. त्यावरून मेंदू दिशा ओळखतो. याच तत्त्वावर ॲलन ब्लुमलाइन यांनी १९३१ मध्ये इंग्लंडमध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. आजही बहुतेक गाणी दोनच चॅनेलची असतात. ५.१ मध्ये मात्र पाच स्पीकर आणि एक सबवूफर. दोघांचं गाणं पाचांत वाटलं की ते पसरट होतं.

मग दोन संच घ्यायचे का? मुळीच नाही. एवढं करा :

१. खर्चाचा मोठा वाटा पुढच्या दोन स्पीकरवर ठेवा. सिनेमालाही तेच लागतात.
२. हे दोन स्पीकर आणि तुमची बैठक यांचा समभुज त्रिकोण करा.
३. गाण्यासाठी रिसीव्हर 'स्टिरिओ'वर, सिनेमासाठी 'सराउंड'वर ठेवा. 'डायरेक्ट'वर बऱ्याचदा सबवूफर बंद होतो. स्पीकर लहान असतील तर 'स्टिरिओ'च बरा.
४. उघड्या भिंती-फरशीमुळे आवाज घुमतो. पडदे लावा, सतरंजी अंथरा.

आता मुलांना त्रिकोणाच्या टोकाशी डोळे मिटून बसवा. कोणतं वाद्य कुठून येतंय, हे बोटाने दाखवू द्या. श्रवण ही भाषेची पहिली पायरी. ती घरीच, खेळता खेळता पक्की होईल!