जवळच तर जायचंय, मग कागद कशाला?

केंदूरमधून बिऱ्हाड हलवायचं म्हटलं की पूर्वी फार विचार करावा लागत नसे. ओळखीतला टेम्पो, मोहल्ल्यातली चार-सहा पोरं आणि दुपारी सगळ्यांना पुरेल एवढी खिचडी, इतक्यात काम व्हायचं. सामान म्हणजे गोधड्या, लोखंडी ट्रंका, तांब्या-पितळेची भांडी. पडलं तरी पोचा यायचा, फुटत नसे.

आता रांजणगाव, सणसवाडी, चाकणच्या कारखान्यांतली नोकरी, मुलांचं कॉलेज, म्हाताऱ्या आई-वडिलांचा दवाखाना अशा कारणांनी आपली कुटुंबं शिक्रापूरला, वाघोलीला, कोंढव्याला राहायला जातात. घरात फ्रीज, वॉशिंग मशीन, काचेचं कपाट असतं. मदतीला येणारी पोरं सकाळीच कंपनीच्या बसने कामावर गेलेली असतात. त्यामुळे ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’वाल्यांना बोलावणं गावातही नवलाचं राहिलेलं नाही.

मे-जूनमध्ये शाळा सोडल्याचा दाखला न्यायला पालक येतात, तेव्हा आम्हा शिक्षकांना या साऱ्या हकिकती कळतात. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, “सर, जवळच तर जायचंय!” या वाक्यानेच घात होतो. मुंबईहून दिल्लीला जाणारा माणूस दहा प्रश्न विचारतो. तालुक्यातल्या तालुक्यात किंवा पुण्यापर्यंत जाणारा फोनवर रक्कम विचारतो आणि ‘या’ म्हणतो.

आमच्या एका विद्यार्थिनीची आई अशीच वाघोलीला गेली. घरात कर्ता पुरुष नाही, मुलीला नर्सिंगला घालायचं होतं. फोनवर स्वस्तात ठरलं. सामान गाडीत चढलं आणि नगर रस्त्याला लागल्यावर चालकाचा फोन आला: सामान जास्त निघालं, जिन्याचे वेगळे, हमालीचे वेगळे, आधी पैसे पाठवा, मग गाडी पुढे. संसार गाडीत, गाडी रस्त्यात आणि हातात एकही कागद नाही. भांडायचं कशाच्या आधारावर? मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्या माउलीने काढून दिले. फीचा हप्ता पुढे उसनवारीवर भरला गेला.

असं कुणावर येऊ नये म्हणून, गेल्या काही वर्षांत पालकांचे कागद वाचताना आम्ही जे शिकलो ते इथे मांडतो.

आधी यादी, मग फोन. निदान दोन आठवडे आधी वही घ्या आणि खोलीवार यादी करा. नको असलेलं इथेच द्या, विका. जुन्या गादीचंही भाडं पडतं. यादी घरातल्या बाईने करावी, कारण माळ्यावर काय आहे ते तिलाच ठाऊक असतं. मग दोन-तीन कंपन्यांना घरी येऊन किंवा व्हिडिओ कॉलवर सामान बघायला सांगा. न बघता रक्कम सांगणारा ती रक्कम नंतर वाढवणार, हे धरून चाला.

भाडं कशावर ठरतं? जवळच्या अंतरात किलोमीटरचा वाटा थोडा असतो. पैसे लागतात ते गाडीचा आकार, माणसांची संख्या, मजला, लिफ्ट, खोकी आणि वेष्टनाचं सामान, खोल-जोड यांचे. म्हणून दोन्ही घरांची खरी माहिती द्या. आपल्या गल्लीत मोठी गाडी वळते का? की छोट्या हत्तीत भरून सामान पक्क्या रस्त्यापर्यंत न्यावं लागेल? नव्या सोसायटीत लिफ्टने सामान न्यायला परवानगी आहे का, कोणत्या वेळेत? पलंग, कपाट खोलून पुन्हा जोडून देणार का? एसी, गिझर काढायला वेगळा माणूस लागेल का? ही सगळी उत्तरं लेखी दरपत्रकात यायला हवीत आणि शेवटी ‘याखेरीज कोणतीही रक्कम देय नाही’ हे वाक्य. सगळे पैसे आगाऊ देऊ नका. काही आगाऊ, बाकी सामान उतरल्यावर.

कंपनी खरी आहे का? नामांकित कंपन्यांशी मिळतीजुळती नावं घेणारे बरेच असतात. जीएसटी क्रमांक मागा. तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. पुण्यात कुणी नातेवाईक असतील तर दिलेल्या पत्त्यावर खरंच कार्यालय आहे का, ते पाहून यायला सांगा.

किंमत लिहिली नाही तर? रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा केंद्रीय कायदा आहे आणि २०११ पासून तो लागू आहे. हा व्यवसाय करणाऱ्याने नोंदणी करायची असते, मालाची पावती द्यायची असते. मालाची किंमत आपण लिहून द्यायची असते. त्या नियमांनुसार, जादा दर भरून जास्त जबाबदारी ठरवून घेतली नसेल, तर नुकसानभरपाई साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते, आणि तीही आपण लिहून दिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. म्हणजे भाडं ६,००० रुपये असेल तर मर्यादा ६०,००० रुपये. आपल्या घरातलं सामान त्याहून महाग असेल तर प्रवासाचा विमा घ्या आणि विमा कंपनीचा कागद हातात मागा. “आमची गॅरंटी आहे” हे तोंडी बोलणं म्हणजे विमा नव्हे.

गाडीत काय चढवायचं नाही? दागिने, रोकड, आधार, रेशन कार्ड, जमिनीचे आणि शाळेचे कागद, निकाहनामा, रोजची औषधं हे सारं एका पिशवीत घालून स्वतःजवळ ठेवा. कुरआन शरीफ आणि किताबांची पेटी आपणच भरावी, आपल्याच हातात न्यावी. खोक्यांच्या थप्पीत ती कुठे खाली जाईल सांगता येत नाही. घरातल्या बायकांचे कपडे आदल्या रात्री त्यांनीच भरून बॅगा बंद कराव्यात, म्हणजे परक्या माणसांसमोर संकोच होत नाही. भरलेलं गॅस सिलिंडर सामानाच्या गाडीत देऊ नका. गाव बदलत असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून हस्तांतराचा कागद आणि अनामत रक्कम घ्या, नव्या ठिकाणी त्यावर जोडणी मिळते.

प्रत्यक्ष दिवस. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या, न्यायचा तो उभाच. प्रत्येक खोक्यावर क्रमांक आणि खोलीचं नाव लिहा. मोठ्या वस्तूंचे आधी फोटो काढा. जुम्याचा दिवस आणि रमजान शक्यतो टाळा. पावसाळ्यात जायचंच असेल तर बंद गाडी मागा. शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोली या रस्त्यावर संध्याकाळी काय कोंडी होते ते सांगायला नको, तेव्हा गाडी सकाळी लवकर भरायला लावा. पुणे शहरात अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी बंदी असते. कंपनीला त्याचा अंदाज आहे का, विचारून घ्या.

आणि जे चार-पाच जण दिवसभर आपलं ओझं वाहतात त्यांच्यासाठी थंड पाणी, दुपारचं जेवण आणि थोडी विश्रांती ठेवा. कपाट एकट्याच्या पाठीवर चढवायला लावू नका. ठरलेले पैसे काम होताच द्या, ताटकळत ठेवू नका.

सही करण्यापूर्वी. सामान उतरलं की सगळे थकलेले असतात आणि तेव्हाच कागद पुढे येतो. वहीतली यादी घेऊन एकेक क्रमांक ताडून बघा. काही फुटलं, हरवलं असेल तर त्याच कागदावर लिहा, मगच सही करा. पुढे दावा करायचा झाला तर मालाच्या नोंदणीच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत कंपनीला लेखी नोटीस गेलेली असावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्यामुळे ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही.

काही जणांना वाटतं, एवढं लिहून घेणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं. तसं नाही. सूरह बकराची सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि त्याला साक्षीदार करण्याबद्दलच आहे. लिहिलेला व्यवहार दोघांनाही सांभाळतो. प्रामाणिक कंपनीलाही कागद हवाच असतो, कारण ‘आमच्याकडे आणखी एक टीव्ही होता’ असं म्हणणारे ग्राहकही तिने पाहिलेले असतात.

घर बदलताना मुलं कावरीबावरी होतात. शाळा सुटते, मैत्रिणी सुटतात. त्यांना नुसतं बाजूला बसवू नका. ज्या मुलीचं अक्षर चांगलं आहे तिच्या हाती ती वही द्या. खोक्यांचे क्रमांक ती लिहील, उतरवताना तीच ताडून पाहील. गणिताच्या पुस्तकात न मिळणारा हिशेब ती त्या दिवशी शिकेल, आणि पुढे आयुष्यात कुणी तिला “जवळच तर आहे, कागद कशाला?” म्हणालं, तर काय उत्तर द्यायचं ते तिला ठाऊक असेल.