आकाशवाणीवरील संगीत सभा आणि बुलढाणा जिल्ह्यातील श्रोता

राजाश्रय लोपल्यानंतर अभिजात संगीतास जो नवा आश्रय लाभला, त्यात आकाशवाणीचे स्थान अग्रगण्य होय. २० जुलै १९५२ रोजी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९५४ पासून निमंत्रित श्रोत्यांसमोर होणाऱ्या मैफलींचे आकाशवाणी संगीत संमेलन त्यास जोडले गेले. मलकापूर, खामगाव, मेहकर येथील रसिकास महानगरांतील मैफल घरबसल्या ऐकता आली ती यामुळेच. प्रसारण मध्यम लहरींवर होई. दिवसा या लहरी जमिनीलगत प्रवास करतात. सूर्यास्तानंतर आयनांबरातील खालचा शोषक थर विरून जातो आणि त्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर पोहोचतात. रात्रीच्या सभेला हे अनुकूलच होते. अर्थात, आलाप ऐन भरात असताना आवाज क्षीण होई, तेही याच कारणाने.

या आश्रयाला अटीही होत्या. रागविस्तार घड्याळाच्या मर्यादेत करावा लागे. १९४० पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर (१९५२-६२) यांच्या कारकिर्दीतही ती कायम राहिली. गावोगावच्या भजनी मंडळांत पेटी निनादत असता रेडिओवरील ख्यालगायनास मात्र ती वर्ज्य असावी, हा विपर्यासच म्हणावा लागेल. १९७१ मध्ये बंदी शिथिल झाली, तीही काही अटींवरच.