जनमत कौल आणि गोवेकरांचं नागरिकत्व

गोव्याच्या जनमत कौलाचा विषय निघाला की हमखास कुणीतरी म्हणतं, ‘गोवेकरांनी तेव्हा मत देऊन भारतात राहायचं ठरवलं.’ हे साफ चूक आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदारांपुढे दोनच चिन्हं होती : फूल आणि दोन पानं. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. पोर्तुगालचा तिथे प्रश्नच नव्हता.

नागरिकत्वाचा निकाल त्याआधीच लागला होता, तोही सरकारी आदेशाने. २८ मार्च १९६२च्या गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेशानुसार, ज्याचा स्वतःचा, आईवडिलांपैकी एकाचा किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म २० डिसेंबर १९६१पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज सत्ता जाऊन गोवा भारतात येण्यापूर्वी, या प्रदेशात झाला, तो भारतीय ठरला. पोर्तुगीज राहायचं असेल त्याने महिन्याभरात तसं लेखी कळवायचं. गप्प राहिला तो भारतीय. एवढ्या मोठ्या निर्णयाला महिना फारच तोकडा होता. मोझांबिकमध्ये पोटापाण्यासाठी गेलेल्या माणसापर्यंत ही बातमी वेळेत कशी पोचणार?

ज्यांनी पोर्तुगीजत्व राखलं, त्यांचा जन्मभूमीत राहण्याचा हक्क शाबूत राहिला, असंही अनेकांना वाटतं. त्यांनी मोन्सिन्योर मोंतेरो यांचा खटला पाहावा. या धर्मगुरूंनी मुदतीत पोर्तुगीज राहत असल्याचं लिहून दिलं. लगेच ते परकीय ठरले. राहण्याचा परवाना मिळाला तो १३ नोव्हेंबर १९६४पर्यंतचा. तो वाढवून न घेता ते गोव्यातच राहिले आणि त्यांच्यावर खटला भरला गेला. लष्करी ताब्यातल्या प्रदेशातील लोकांना जिनिव्हा करार देतो, ते संरक्षण त्यांनी मागितलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ते नाकारलं : गोवा भारतात सामील झाल्यावर लष्करी ताबा उरला नाही, मग ते संरक्षणही उरलं नाही. कायद्याने निकाल बरोबर असेल, पण गोव्याच्या माणसाला गोव्यात राहायला परवाना मागावा लागला, हे मनाला लागतंच.

पोर्तुगालने ३१ डिसेंबर १९७४च्या कराराने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. तरीही १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. तिथला पासपोर्ट म्हणजे युरोपात राहायचा नुसता परवाना, भारतीयत्वाला धक्का नाही, ही समजूत मात्र महागात पडते. आपल्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. पुढे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीचं ओसीआय कार्ड मिळालं, तरी त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीनही विकत घेता येत नाही.