टोळ्यांचा तह आणि नवे संगीत

टोळी म्हटली की चाकू, मारामारी आणि पोलीस एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. अशा टोळ्यांच्या वस्तीतून एखादी कला उदयास येईल, हे कोणास खरे वाटणार नाही. तथापि न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात तसे घडले. शॅन निकल्सन यांचा ‘रबल किंग्ज’, म्हणजे ‘ढिगाऱ्यांचे राजे’, हा २०१५ साली प्रदर्शित झालेला माहितीपट त्याचीच हकिगत सांगतो.

हे ढिगारे आले कोठून? रॉबर्ट मोझेस यांच्या योजनेनुसार १९४८ पासून ब्राँक्सच्या मधून रुंद महामार्ग काढण्यात आला व हजारो कुटुंबे उठवली गेली. कारखाने गेले, ज्यांना परवडले ते उपनगरांत गेले. मागे राहिले ते बहुतांशी गरीब निग्रोवंशीय व प्वेर्तो रिकन लोक. ओस पडलेल्या इमारतींना आगी लागू लागल्या. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्राँक्सची लोकसंख्या सुमारे तीन लाखांनी घटली. घर, शाळा, सरकार यांपैकी कशाचाच आधार नसलेल्या पोरांना टोळीने आधार दिला. पाठीवर टोळीचे नाव मिरवावे, आपली गल्ली राखावी आणि दुसऱ्याच्या गल्लीत पाऊल टाकू नये, असा त्यांचा कायदा होता.

२ डिसेंबर १९७१ रोजी ‘घेटो ब्रदर्स’ टोळीचा ‘ब्लॅक बेंजी’ हा तरुण एक भांडण मिटवावयास गेला आणि मारला गेला. समेट घडवणे हेच त्याचे टोळीतील काम होते. सुडासाठी सर्व टोळ्या सज्ज झाल्या. परंतु त्याच्या आईने शांतता मागितली, आणि टोळीचा नायक बेंजी मेलेंडेझ याने ती मान्य केली. ८ डिसेंबरला हो ॲव्हेन्यूवरील मुलांच्या क्लबात टोळ्यांची सभा भरून तह झाला.

तहाने सारी हिंसा थांबली असे नाही. परंतु हद्दी सैल झाल्या. परक्या गल्लीतील नाचगाण्यास जाणे आता शक्य झाले. ११ ऑगस्ट १९७३ रोजी जमैकाहून आलेल्या कूल हर्क या तरुणाने बहिणीच्या मेजवानीत तबकड्या वाजवल्या. तबकडीतील केवळ तालवाद्यांचा तुकडा तो लांबवी, आणि त्यावर पोरे नाचत. ‘हिप-हॉप’चा आरंभ येथून धरतात. ‘ब्लॅक स्पेड्स’ टोळीतील आफ्रिका बंबाटा याने टोळीचीच घडण नव्या संगीतमंडळास दिली. चाकूची चढाओढ हळूहळू नाचात व शब्दांत उतरली. आज धारावीतील मुले रॅप म्हणतात, त्याचे मूळ या गल्ल्यांत आहे.

टोळ्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यांनी माणसे मारली, हे विसरता येत नाही. परंतु अमक्याची वस्ती म्हणजे गुंडांची वस्ती, असे म्हणून आपण मोकळे होतो, तेव्हा तेथील समेट करणारा मुलगा आपणांस दिसत नाही. आमच्या मते या माहितीपटाचे मोल एवढ्यासाठीच आहे. ब्राँक्समधील तह सरकारने घडवला नाही. ज्यांच्या हातात शस्त्रे होती, त्यांनीच तो घडवला.