टप नसलेल्या गाडीचं गणित

मरिन ड्राइव्हवरून कोस्टल रोडला लागायचं, मलबार हिलच्या पोटातून प्रियदर्शिनी पार्कपाशी उजेडात यायचं आणि टप उघडून ताशी 80 किलोमीटरने वरळी गाठायची. दोन आसनी उघड्या गाडीचं मुंबईकर स्वप्न साधारण एवढंच. प्रत्यक्षात केस मागे उडत नाहीत, तोंडावर येतात. समोरच्या काचेच्या वरच्या कडेपाशी हवा गाडीपासून सुटते, डोक्यावरून जाते आणि आसनांमागच्या कमी दाबाच्या जागेत गिरकी घेऊन मानेवर आदळते. आसनांमागे उभी जाळी असते ती यासाठी.

वाऱ्याचं निभावतं. खरी गोची गाडीच्या सांगाड्याला बसणाऱ्या पिळाची.

मिठाईचा खोका झाकण चिकटवून पिळून पाहा, मग झाकण फाडून पिळा. 5 सेंटिमीटर त्रिज्येच्या, 2 मिलिमीटर जाड पत्र्याच्या नळीला लांबीभर चीर दिली, की पिळाला होणारा तिचा विरोध जवळपास 1,900 पटींनी घटतो. मोटारीची एवढी दैना होत नाही, कारण दारांखालचे उंबरे स्वतःच बंद नळ्या असतात. पण टप कापलं की ते जाड करावे लागतात, तळाला जादा आधार द्यावे लागतात. छप्पर गेलेली गाडी बंद गाडीपेक्षा बऱ्याचदा जड भरते ती अशी.

याची पळवाट भाऊच्या धक्क्यापलीकडे, अलिबागजवळच्या कार्लेखिंडीत सापडली. चिंकारा मोटर्सची रोडस्टर 1.8 एस ही 1957 च्या लोटस सेव्हनच्या वळणाची. नळ्यांचा सांगाडा, वर फायबरग्लासचं अंग आणि अॅम्बॅसेडरमध्येही बसलेलं इसुझूचं 1.8 लिटर इंजिन. सांगाड्याची भिस्त टपावर नव्हतीच, त्यामुळे ते नसल्याचा भुर्दंडही नाही. याउलट 2025 मध्ये भारतात आलेली विजेवरची एमजी सायबरस्टर 77 किलोवॅट-तासांच्या बॅटरीसह दोन टनांच्या घरात जाते. किंमत पाऊण कोटीच्या आसपास. जोर अफाट, पण हलकी गाडी वळणावर जे सुख देते ते जोराने मिळत नाही.

सेकंडहँड घेताना इंजिनाच्या आवाजावर भाळू नये. लालबाग-परळच्या एखाद्या गतिरोधकावरून एकाच बाजूची चाकं हळू न्यावीत आणि आतला आरसा किती थरथरतो ते पाहावं. मग गॅरेजवाल्याला एक कोपरा जॅकवर उचलायला सांगून दार उघडबंद करावं. दार चौकटीला घासलं, तर सांगाडा गंजलाय किंवा ठोकून बसवलाय, असा संशय घ्यायला हरकत नाही.

कापडी टपावरचं पाणी कडेच्या पन्हळींतून बारीक नळ्यांत उतरतं. त्या पानं-धुळीने तुंबल्या, की पाणी गालिच्याखाली मुरतं आणि काही गाड्यांत नेमकी तिथेच वायरिंगची जोडणी असते. दादरच्या हिंदमातासारख्या ठिकाणी तुंबलेल्या पाण्यातून गेलेली गाडी धुऊनपुसून चकचकीत करता येते, पण आसनांखालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज सहसा कुणी पुसत नाही. डिसेंबरात सगळं कोरडं ठणठणीत दिसतं, म्हणून अशी गाडी बघायला जुलैत जावं आणि गालिचा उचलून खाली हात फिरवावा.