संकटानंतरची शाळा आणि दुःखी बालके

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून गावे उशिरा निजली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि त्यांवरील मातीची जड माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली. लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद (आजचा धाराशिव) ह्या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढे ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराच्या दरडीखाली गाडले गेले, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर तोच प्रसंग ओढवला.

अशा वेळी मृतांची मोजदाद होते, घरांचे पंचनामे होतात, धान्य व पांघरुणे वाटली जातात. ही सर्व कामे अवश्य व्हावयास हवीत. परंतु जी मुले वाचली त्यांच्या मनाचे काय झाले, ह्याचा पंचनामा कोणी करीत नाही. तो प्रश्न काही दिवसांनी, पाटी-दप्तर घेऊन, शिक्षकाच्या दाराशी येऊन उभा राहतो.

आणि त्यासाठी भूकंपच व्हावयास पाहिजे असे नाही. विहिरीत बुडालेला भाऊ, सर्पदंशाने गेलेली आई, कर्जापायी जीव दिलेला बाप, ह्यांपैकी एखादी घटना आपल्या शाळेच्या पटावरील कोणा ना कोणा मुलाच्या घरी घडलेली असतेच. २०२० व २०२१ ह्या दोन वर्षांतील कोविडच्या साथीत तर कित्येक मुलांना आईबापांचे शेवटचे दर्शनही घडले नाही. दवाखान्यात नेलेले माणूस परत आले नाही, इतकेच त्यांना ठाऊक आहे.

लहान मुलाच्या दुःखाविषयी आपल्याकडे एक समजूत रूढ आहे : ‘अजाण आहे, त्याला काय कळते? चार दिवसांत विसरेल.’ ही समजूत चुकीची आहे. मुलाला कळते, फक्त ते प्रौढांसारखे कळत नाही. सहा-सात वर्षांच्या आतील मुलाला मृत्यू कायमचा असतो ही गोष्टच उमगलेली नसते. सकाळी आईच्या चितेविषयी बोलणारे मूल संध्याकाळी ‘आई केव्हा येणार?’ असे विचारते, ते त्यामुळेच. शिवाय ह्या वयात आपल्या मनातील विचारानेच जगात काही घडते असे मुलास वाटत असते. रागाच्या भरात ते कधी ‘बाबा मरू दे’ असे म्हणाले असेल आणि नंतर बाप खरोखरच गेला असेल, तर आपणच त्यास मारले असे ते मनाशी धरून बसते. ही गोष्ट ते कोणासही सांगत नाही. म्हणून विचारण्याची वाट न पाहता, ‘हे तुझ्यामुळे झालेले नाही’ असे त्याला एकदा नव्हे, पुष्कळदा सांगावे.

आठ-नऊ वर्षांच्या पुढील मुलांना मृत्यूचा अर्थ समजतो, आणि त्याबरोबरच भीती येते : आता माझे कोण करील? आजीही मरेल काय? अशा मुलाचे पोट दुखते, डोके दुखते, वाचलेले ध्यानात राहत नाही. काल पाढे घडाघडा म्हणणारा मुलगा आज सातच्या पाढ्यात अडखळतो. तेथे शिक्षकाने आळस समजून छडी उगारली तर केवढा अनर्थ होईल, ह्याची कल्पना करावी. (२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मारास मनाई केलेलीच आहे, परंतु टोमणा कायद्याच्या हाती सहसा लागत नाही, आणि तो अधिक झोंबतो.) कित्येक मुले पुन्हा अंथरूण ओले करू लागतात, अंगठा चोखतात, आजीचा पदर सोडीत नाहीत. मोठी मुले हाणामारीवर येतात किंवा मुळीच बोलत नाहीत. ही बहुधा दुखावलेल्या मनाची स्वाभाविक लक्षणे होत, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत ती काही आठवड्यांत ओसरू लागतात.

आता शब्दांविषयी. आपली भाषा मृत्यूवर पांघरूण घालण्यात मोठी कुशल आहे. ‘झोपी गेली’, ‘गावाला गेले’, ‘देवाने नेले’ असे आपण मुलांना सहज सांगतो. हेतू दयेचा असतो, पण परिणाम विपरीत होतो. आजोबा झोपले ते उठलेच नाहीत असे ऐकणारे मूल रात्री डोळे मिटावयास भिते. गावाला गेलेल्या बापाची वाट एस.टी.च्या थांब्यावर पाहणारे मूल एके दिवशी सवंगड्याकडून खरे ऐकते, आणि मग मोठ्या माणसांच्या कोणत्याच बोलण्यावर त्याचा विश्वास राहत नाही. म्हणून साध्या शब्दांत सांगावे : ‘तुझी आई वारली. तिचे शरीर काम करीनासे झाले. तिला आता दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ती परत येऊ शकत नाही.’ घरची मंडळी देवाविषयी, आत्म्याविषयी काय सांगतात त्यास विरोध करू नये. पण हे मूळचे सत्य त्याखाली झाकले जाऊ देऊ नये.

बापाने आत्महत्या केली असेल तेथे हे काम फार कठीण होते. गावात पारावर सर्व बोलणे झालेले असते व मुलांनी ते ऐकलेले असते. घरच्या वडीलधाऱ्यांशी आधी बोलून, त्यांच्या संमतीनेच, मुलास इतके सांगावे की बाबांचे मन फार आजारी झाले होते, त्या आजारात त्यांना मदत घेण्याचा मार्ग सुचला नाही, आणि ह्यात तुझा किंवा आईचा दोष नाही. कसे, कशाने, हा तपशील वर्गात निघू देऊ नये. कोणी चिडविल्यास ते तेथल्या तेथे थांबवावे.

मुले दुःख बोलून दाखविण्यापेक्षा खेळून दाखवितात. दरड कोसळलेल्या गावची मुले मातीचे ढीग करून त्यांखाली काड्यांची घरे पुरतील, पूर पाहिलेली मुले डबक्यात कागदी होड्या बुडवतील. पाहणाऱ्यास हे अभद्र वाटते व तो दटावतो. तसे करू नये. जे हाताबाहेर गेले ते हातात घेऊन पाहण्याचा मुलाचा तो मार्ग असतो. मात्र तोच खेळ आठवडेच्या आठवडे, आनंदाशिवाय, कुठेच सुटका न होता चालू राहिला, तर शेजारी बसून ‘आता ह्या घरातल्या माणसांना काढावयास कोण येईल?’ असे हळूच विचारावे. चित्रकलेच्या तासाचेही तसेच. कागद व रंग द्यावेत, विषय देऊ नये. ‘भूकंपाचे चित्र काढा’ असे पाहुण्यांना दाखविण्यासाठी काढवून घेणे तर सर्वथा अनुचित होय. आपत्तीनंतर शाळेत पाहुणे व कॅमेरे पुष्कळ येतात. प्रत्येकापुढे मुलास उभे करून ‘सांग, तुझे कोण कोण गेले’ असे वदवून घेण्याचा प्रकार मुख्याध्यापकांनी नम्रपणे पण ठामपणे बंद करावा. बळेच बोलते केल्याने जखम भरून येत नाही, उलट चिघळते. मूल आपण होऊन बोलू लागले तर मात्र हातातील काम ठेवून ऐकावे.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँबवर्षाव होत असता ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम ह्या दोन विदुषींनी हॅम्पस्टेड येथे बालगृहे चालविली. त्यांस असे आढळले की बाँबच्या भयापेक्षा आईपासून झालेल्या ताटातुटीने मुले अधिक खचतात, आणि जवळचे मोठे माणूस शांत असेल तर मूलही पुष्कळसे शांत राहते. ह्यातून आपल्यास घेण्यासारखे दोन धडे आहेत. पहिला असा की पोरक्या भावंडांना शिक्षणासाठी दूर पाठविण्याची वेळ आलीच, तर त्यांची फाटाफूट होऊ देऊ नये व ओळखीचे एक तरी माणूस त्यांच्या भेटीस जात राहावे. किल्लारीच्या भूकंपानंतर सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्यास नेण्यात आली होती. अशा प्रत्येक प्रसंगी ही दक्षता आवश्यक ठरते.

दुसरा धडा शाळेविषयी. सर्व काही उलटेपालटे झाले असता मुलास एक तरी गोष्ट पूर्वीसारखी हवी असते. म्हणून इमारत नसली तरी झाडाखाली, तंबूत, मिळेल तेथे शाळा लवकर भरवावी. तीच घंटा, तीच प्रार्थना, दुपारची तीच खिचडी. पहिल्या आठवड्यात अभ्यासाचा आग्रह धरू नये. गोष्टी, गाणी, लंगडी, खो-खो ह्यांवर भर द्यावा. पण घंटा वेळेवर व्हावी. पाऊस सुरू झाल्यावर किंवा जवळून ट्रक गेल्याने जमीन हादरल्यावर मुले दचकतील. तेव्हा ‘घाबरता काय?’ असे न म्हणता हा आवाज कशाचा आहे ते सांगावे, आणि खरोखरच संकट आल्यास कोणी कोठे जावयाचे ह्याचा सराव द्यावा. वर्षश्राद्धाच्या सुमारास जुनी लक्षणे पुन्हा डोके वर काढतात. ती तारीख शिक्षकाने आपल्या टाचणवहीत लिहून ठेवावी.

महिना उलटूनही मूल झोपत नसेल, जेवत नसेल, त्यास तीच दृश्ये वारंवार दिसत असतील, अथवा ते मरणाची भाषा बोलत असेल, तर पालकांसह प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाकडे न्यावे. मरणाच्या भाषेच्या बाबतीत तर महिन्याची वाटही पाहू नये. २०२२ पासून १४४१६ ह्या दूरध्वनी क्रमांकावर शासनाची टेलिमानस सेवा चालू आहे. तीवर शिक्षकासही बोलता येते. हे शेवटचे मुद्दाम लिहिले, कारण ज्या गावावर संकट आले त्या गावी शिक्षकाचेही घर असू शकते. वर्गापुढे गुरुजींचे किंवा बाईंचे डोळे भरून आले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. ‘मलाही त्यांची आठवण येते’ इतके म्हणून पुढचे काम करावे.

राहता राहिला हजेरीपट. वर्गातील एखादे मूलच दगावले असेल, तर पहिल्या दिवशी हजेरी घेताना ते नाव गुपचूप गाळून पुढे जाऊ नये; सर्व वर्गाचे कान त्याच जागेवर लागलेले असतात. हजेरीपूर्वीच ते नाव स्वतः उच्चारावे, काय झाले ते सांगावे आणि मुलांना त्याच्याविषयी जे आठवेल ते बोलू द्यावे. त्याच्या बसण्याच्या जागेवर कोणी व केव्हा बसावयाचे ते मुलांनाच ठरवू द्यावे. पटावरील नाव नियमाप्रमाणे कमी करावे लागेल, ते अवश्य करावे. मात्र ते मुलांसमोर खोडू नये, शाळा सुटल्यावर खोडावे.